मनातली गुलामी आणि आपला हिरावलेला 'आज'



"वर्तमानात जगा, झालं गेलं विसरा, मन शांत ठेवा." हा उपदेश हल्ली कुठेही ऐकायला मिळतो. कंपनीच्या प्रशिक्षणात तोच, बुवा-बाबांच्या शिबिरात तोच, मोबाइलवरच्या रीलमध्येही तोच. आपल्या चळवळीतला तरुण हे ऐकून साधारणपणे दोनपैकी एका वाटेने जातो.

पहिला चिडतो. म्हणतो, "हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आमच्या वस्तीत नळाला पाणी नाही, शिष्यवृत्ती वर्ष संपलं तरी जमा होत नाही, गावात जयंतीची मिरवणूक अडवली जाते, आणि आम्ही डोळे मिटून बसायचं?" दुसरा दहा-बारा वर्षे चळवळीत राबून थकलेला असतो. तो एखाद्या शिबिराला जातो आणि परत आल्यावर म्हणतो, "सगळं आपल्या मनातच आहे. मोर्चे काढून काही होत नाही."

या दोन्ही भूमिका मला चुकीच्या वाटतात. पहिल्याला वाटते की मनाचा विचार म्हणजे लढाईतून पळ. दुसऱ्याला वाटते की मनाचा विचार केला की लढाईची गरजच संपते. दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे. ती म्हणजे आतले स्वातंत्र्य आणि बाहेरचे स्वातंत्र्य ही दोन वेगवेगळी दुकाने आहेत. तथागतांनी असे कधी मानले नाही आणि बाबासाहेबांनी तर मुळीच नाही. म्हणून हा विषय बुवा-बाबांच्या आणि कंपन्यांच्या ताब्यात सोडून न देता आपण आपल्या अंगाने तपासला पाहिजे.

आपला 'आज' कोणी पळवला?

वर्तमानात जगण्याचा उपदेश करणाऱ्यांना आधी एक प्रश्न विचारू. या देशात बहुजनांचा वर्तमानकाळ कोणी हिरावून घेतला?

वर्णव्यवस्थेने माणसाच्या पायात बेडी घातली, तशीच त्याच्या काळाचीही वाटणी केली. तू आज खालच्या जातीत का? तर गेल्या जन्मीचे पाप. मग सुटका कधी? तर पुढच्या जन्मी, या जन्मी मुकाट्याने सेवा केलीस तर. मनुस्मृतीने शूद्राला वरच्या जन्माची जी वाट दाखवली आहे ती वरच्या वर्णाच्या सेवेचीच आहे. म्हणजे कारण गेल्या जन्मात, न्याय पुढच्या जन्मात, आणि मधल्या या एकुलत्या एका आयुष्यात फक्त मेलेली ढोरे ओढायची, येसकरकी करायची आणि दारोदार भाकरी मागायची. ज्याच्याकडे कारणही नाही आणि उपायही नाही, असा 'आज' घेऊन आपल्या शेकडो पिढ्या जगल्या.

ही समजूत किती खोल गेली होती, हे चोखोबांकडे पाहिले की कळते. हा माणूस देवाला आणि समाजाला विटाळाविषयी थेट प्रश्न विचारतो, सोवळ्या-ओवळ्याचा दंभ उघडा पाडतो. पण त्यांच्याच नावावरच्या काही अभंगांत आपल्या जन्माचा दोष पूर्वकर्मावर टाकलेलाही दिसतो. एवढा धारदार माणूसही त्या चौकटीतून पूर्ण बाहेर येऊ शकला नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यांनी चोखोबांचा आदर केला, पण चोखोबा जिथे थांबले तिथे ते थांबले नाहीत.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गेल्या जन्मीच्या कर्माची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारली. तिचा एकच उपयोग त्यांना दिसला. गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या दशेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, यासाठी ती सोयीची आहे. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. पूर्वजन्म बाजूला काढला की आजच्या दुःखाचे कारण आजच्या समाजात शोधावे लागते. पुढचा जन्म बाजूला काढला की त्यावरचा उपायही आजच करावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी धर्म तर बदललाच, पण त्याबरोबर आपला वर्तमानकाळही परत घेतला.

म्हणून वर्तमानात जगणे हा आपल्यासाठी उसना विचार नाही. तो धम्मदीक्षेचा गाभा आहे. फक्त त्याचा अर्थ बाजारातल्या अर्थापेक्षा वेगळा आहे.

बुद्धाचा वर्तमानकाळ आरामखुर्चीचा नाही

मज्झिम निकायात भद्देकरत्त सुत्त आहे. वर्तमानात जगण्याबद्दल बोलताना पुष्कळ लोक त्याचा आधार घेतात, पण अर्धाच. गेलेल्या काळामागे धावू नये, न आलेल्या काळाची आस धरून बसू नये, एवढे सगळे सांगतात. त्याच्या पुढे बुद्ध काय म्हणतात ते गाळले जाते. पुढे ते सांगतात की करायचे ते कष्ट आजच करावेत, कारण मृत्यूशी कोणाचाही करार झालेला नाही. म्हणजे बुद्धाचा वर्तमानकाळ कामाचा आहे, निवांत पहुडण्याचा नाही. अष्टांगिक मार्गाचा क्रमही हेच सांगतो. त्यात सहावा सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, आणि त्यानंतर सातवी सम्यक स्मृती.

सम्यक स्मृतीचा अर्थ बाबासाहेबांनी फार साधा करून ठेवला आहे. त्यांच्या लेखी ती मनाची सततची जागृती आहे, मनाने आपल्याच दुष्ट विकारांवर ठेवलेला पहारा आहे. पहारा हा शब्द पाहा. ज्या समाजाच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या गावाची राखण केली, रात्र रात्र जागून वेशीवर उभे राहिले, त्यांना बाबासाहेब सांगत आहेत की आता स्वतःच्या मनाच्या वेशीवर उभे राहा. कोण आत येते, कोण बाहेर जाते, ते बघा.

आपल्या कितीतरी विहारांच्या भिंतीवर स्वतःच स्वतःचा दीप व्हा, असे लिहिलेले असते. भाषणाची सुरुवातही आपण त्यानेच करतो. पण महापरिनिब्बाण सुत्तात हा उपदेश केल्यावर बुद्ध लगेच पुढे सांगतात की हे करायचे कसे. शरीर, वेदना, चित्त आणि मनात उठणारे धर्म या चार गोष्टींकडे जागेपणी, नेटाने पाहत राहायचे. याच चार सतिपट्ठानांवर दीघ निकायात महासतिपट्ठान हे वेगळे सुत्त आहे. म्हणजे दीप पेटवायची रीत त्याच पानावर दिलेली आहे. आपण घोषणा भिंतीवर रंगवली आणि रीत सोडून दिली.

महाडचा राग

"हे सगळे ठीक, पण जागृत मन घेऊन लढता येते का? राग गेला तर लढाई उरेल का?" हा प्रश्न तरुण हमखास विचारतात. उत्तर महाडला आहे.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर गावात अफवा उठवली गेली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन आला. परिषदेहून परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांना गाठून मारहाण झाली. आपल्या माणसांत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. त्यांचे हात शिवशिवत होते आणि ते फक्त बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द आला नाही. बाबासाहेबांनी माणसांना आवरले. पोलिसांत फिर्याद झाली आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

बाबासाहेबांना राग आला नव्हता असे कोणी म्हणू शकेल का? त्याच वर्षी २५ डिसेंबरला, त्याच महाडात, मनुस्मृती जळाली. तळ्याचा दावा पुढे वर्षानुवर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. मोजा, दहा वर्षे होतात. लाठीला लाठी मारून मोकळा झालेला राग एका संध्याकाळी संपला असता. वर दंगलीचे खापर आपल्याच डोक्यावर फुटले असते. जो राग ओळखला गेला, आवरला गेला आणि कामाला लावला गेला, तो दहा वर्षे पुरला आणि तळे मोकळे करून गेला.

आता आपल्याकडे पाहू. सकाळी कोणीतरी बाबासाहेबांविषयी घाणेरडी पोस्ट टाकतो. दुपारपर्यंत ती आपणच शंभर गटांत पाठवलेली असते. संध्याकाळपर्यंत शिव्या देऊन आपला घसा कोरडा होतो. त्या माणसाला फुकटची प्रसिद्धी मिळते आणि एखाद्या विशीतल्या पोरावर गुन्हा दाखल होतो, नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. आपला तो सगळा दिवस कोणी ठरवला? ज्याला आपण शत्रू म्हणतो, त्याने. ज्याला हवे तेव्हा मला भडकवता येते, त्याच्या हातात माझे बटण आहे. याला मी स्वाभिमान म्हणणार नाही. हीसुद्धा गुलामीच आहे, फक्त ती घोषणा देत असते.

कायदेशीर तक्रार करायची तर पुरावा जपून ठेवावा लागतो, नेमके कलम पाहावे लागते, वकील गाठावा लागतो. भडकलेल्या डोक्याने यातले काहीच नीट होत नाही. जागे मन लढाऊ माणसाला मवाळ करते हा समज खोटा आहे. कुठे लढायचे आणि कधी लढायचे, हे ठरवायची ताकद त्याला त्यातूनच मिळते.

लाज कोणाची?

संयुक्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला वेदना होते हा पहिला बाण. त्या वेदनेवर मन जो शोक आणि तळमळ करते तो दुसरा बाण. शहाण्या माणसाला पहिला लागतो, दुसरा लागत नाही.

हा दृष्टान्त आपल्यासमोर मांडताना एक बदमाशी होऊ शकते, म्हणून सावध राहिले पाहिजे. "जातीवरून कोणी बोलले तर बोलू द्या, तुम्ही मनाला का लावून घेता?" असे सांगणारे भेटतात. आजारपणाचा किंवा म्हातारपणाचा बाण कोणी मारत नाही. जातीचा बाण मात्र कोणीतरी नेम धरून मारतो. त्याचा हात धरणे हे पहिले काम आहे. त्यासाठी संविधानाचे कलम १७ आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि संघटना आहे. जो फक्त जखमी माणसाला मन शांत ठेवायला सांगतो आणि बाण मारणाऱ्याला काहीच म्हणत नाही, तो धम्म सांगत नाही. तो बाण मारणाऱ्याची वकिली करतो.

एवढे बजावून सांगितल्यावरही दुसऱ्या बाणाचा प्रश्न उरतोच. तो लाजेचा बाण आहे.

वसतिगृहात पहिल्याच दिवशी कोणी हसत विचारतो, "रँक किती होती रे?" त्याला काय विचारायचे आहे ते दोघांनाही माहीत असते. त्या क्षणी छातीत काहीतरी आवळते, कान गरम होतात, नजर खाली जाते. मग आत एक आवाज सुरू होतो की मी इथला नाही, मी कमी आहे, माझ्यामुळे कोणाची तरी जागा गेली. कोणी गप्प होतो, कोणी आडनाव सांगायचे टाळतो, कोणी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कपाटात ठेवतो, कोणी हातघाईवर येतो. यातल्या कोणालाही मी दोष देणार नाही. जगण्यासाठी माणूस जे करतो ते करतो. पण तो आतला आवाज ज्याने एकदा ओळखला, की हा माझा नाही, हा हजारो वर्षे माझ्या कानात ओतलेला आवाज आहे, त्याची नजर वर यायला सुरुवात होते. अपमान करणाऱ्याची लाज अपमान सोसणाऱ्याने वाहायची, हा जातीचा सगळ्यात जुना डाव आहे. आत्मभान म्हणजे ती लाज ज्याची त्याला परत करणे. त्यानंतर उत्तर द्यायचे, तक्रार करायची, की या माणसावर वेळ घालवायचा नाही, हे मोकळ्या मनाने ठरवता येते.

बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले. राहायला कुठे जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस! त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की अठरा वर्षे लोटली तरी तो प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही आणि तो आठवताना डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. ते आपले अश्रू लपवत नाहीत. आपण नाव लपवले हेही लपवत नाहीत. स्वतःच्या जखमेकडे इतके सरळ पाहणारा माणूस आतून मोकळा असतो. जखम विसरल्यामुळे तो मोकळा झालेला नाही. तिच्याकडे पाहताना आता त्याला लाज वाटत नाही, म्हणून तो मोकळा आहे.

"झालं गेलं विसरा" म्हणणाऱ्यांना

"जात आता राहिली कुठे? जुन्या गोष्टी उकरू नका, पुढे चला," हे ऐकवणारेही वर्तमानाचीच भाषा बोलतात. त्यांना विचारावे की गावाबाहेरची वस्ती भूतकाळ आहे का? गटारात उतरणारा माणूस कुठल्या काळात उतरतो? वर्तमानपत्रातल्या 'वधू पाहिजे' जाहिरातीतली पोटजात कालची की आजची? जात आज चालू आहे. म्हणून जो खरोखर वर्तमानात डोळे उघडून पाहील त्याला ती दिसलीच पाहिजे. ज्याला दिसत नाही तो वर्तमानात जगत नाही, सोयीच्या झोपेत जगतो.

आणि इतिहासाचे काय? १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांनी भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला भेट दिली. २० मार्चला ते महाडला होते. मध्ये अडीच महिन्यांचे अंतर आहे. इतिहासाकडे जायचे ते असे. जायचे, मान ताठ करून घ्यायची आणि परत येऊन आजच्या तळ्यावर उभे राहायचे. आपल्यातले काही जण मात्र स्तंभापाशीच राहतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या शौर्यावर तासभर बोलतात, पण वॉर्डातल्या शाळेत आपली किती मुले गळाली याची त्यांना खबर नसते.

भविष्यात जगणारेही कमी नाहीत. "परीक्षा निघू दे, साहेब होऊ दे, मग समाजाचं बघतो." "आपली सत्ता येऊ दे, मग सगळं सुधारेल." पुण्यात खोल्या करून वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या पोरांचे सगळे आयुष्य 'निकाल लागल्यावर' या शब्दांत अडकलेले असते. अभ्यास जरूर करा, जीव तोडून करा. पण आयुष्य निकालानंतर सुरू होत नाही. ते आज सकाळी सुरू झालेले आहे. निकाल लागेपर्यंत माणूस म्हणून आपली किंमत शून्य, असे मानणे म्हणजे पुढच्या जन्माचीच जुनी गोष्ट नव्या कपड्यांत.

बगळ्याचे ध्यान आणि धम्म

विपश्यनेवर आपल्यात जोरदार वाद आहेत. सत्यनारायण गोएंका १९६९ साली म्यानमारहून भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले. तेव्हापासून आपलेही हजारो लोक दहा दिवसांच्या शिबिरांना जात आले आहेत. एक गट म्हणतो, हाच खरा धम्म. दुसरा म्हणतो, हा चळवळ थंड करायचा डाव. माझे म्हणणे असे की पद्धत हे हत्यार आहे, आणि हत्याराला धम्म समजू नये. ज्याला त्याचा उपयोग होतो त्याने ते वापरावे. दुसऱ्याने त्याला गद्दार म्हणू नये. वापरणाऱ्यानेही न वापरणाऱ्याला अडाणी समजू नये.

नुसती एकाग्रता हा काही गुण नाही. बगळाही एका पायावर ध्यान लावूनच उभा असतो. त्याचे लक्ष पूर्ण वर्तमानात असते, माशावर! जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. त्याने लोकांना उपयोग झाला हे खरे. पण पुढे बाजाराने सजगता उचलली आणि बारा-बारा तास राबवलेल्या कर्मचाऱ्याला पगारवाढीऐवजी श्वास मोजायला शिकवले. शील आणि करुणा काढून घेतली की बुद्धाच्या पहाऱ्याची बाजारात अशी बगळेगिरी होते.

खुद्द सिद्धार्थाने आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे समाधीचे प्रकार शिकून घेतले आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून त्यांना सोडले. बाबासाहेबांनी तर धम्माची कसोटीच समाजात ठेवली. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतोच, असा त्यांच्या मांडणीचा सारांश आहे. मग आपल्या जागृतीची परीक्षा आसनावर होत नाही, दुसऱ्या माणसाशी वागताना होते.

ही कसोटी आपल्याला लावू या. मंचावर समतेचे भाषण ठोकून घरी आल्यावर बायकोने ताट वाढायला उशीर केला म्हणून डोळे वटारणारा मोकळा झाला का? दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याचा फोटो आपल्या फोटोपेक्षा मोठा लागला म्हणून जयंती समिती फोडणारा मोकळा झाला का? मुलीचे लग्न ठरवताना आपल्यातल्याच पोटजातीची चौकशी करणारा मोकळा झाला का? जात ही विटांची भिंत नव्हे, ती मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडले ते सवर्णांना उद्देशून. पण मन आपल्यालाही आहे आणि उतरंड आपल्याही मनात उतरलेली आहे. ती बाहेर काढायची तर आधी ती दिसली पाहिजे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आपल्या स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे जड कथील-चांदीचे दागिने, ज्या ज्या खुणेने अस्पृश्यता अंगावर दिसते ती खूण टाका, असे त्यांनी सांगितले. आणि कित्येक जणींनी तिथेच नेसण बदलली. पुढच्या वर्षीपासून नाही, सासूला विचारून नाही, त्याच मुक्कामात. गुलामी शरीरात कुठे राहते ते ओळखणे आणि ओळखल्या क्षणी ती उतरवून ठेवणे, आत्मभानाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आणि ते आपल्या न शिकलेल्या आज्या-पणज्यांनी घालून दिले आहे.

मग करायचे काय?

फार अवघड काही नाही. रोज दहा मिनिटे मोबाइल दूर ठेवून बसा आणि श्वासाकडे पाहा. मन पळेल. कुठे पळाले ते बघा, रागाकडे, भीतीकडे की लाजेकडे, आणि त्याला नाव द्या. नाव दिलेला विकार अर्धा ताब्यात येतो. भडकाऊ पोस्ट पुढे पाठवण्याआधी तीन श्वास थांबा आणि विचारा, हे खरे आहे का, याने काम होणार आहे का, की माझा राग फक्त मोकळा होणार आहे? बैठकीत आपला मुद्दा पडला तर घरी जाऊन पाहा, दुखले ते चळवळीसाठी की अहंकारासाठी?

रविवारी विहारात वंदना झाली की लगेच उठू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधले एखादे प्रकरण वाचा आणि आठवड्यात कोणाच्या मनावर काय ओझे आले ते बोलू द्या. तरुण मुले-मुली आपल्याच विहारात मोकळेपणी बोलू शकत नसतील तर ती कुठे बोलणार? १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, तेव्हा काही जण म्हणाले की मन कणखर असायला हवे होते. हे अत्यंत दुष्ट वाक्य आहे. संस्थेचा गुन्हा विद्यार्थ्याच्या मनावर ढकलणारे ध्यान आपल्याला नको. संस्थांना जाब विचारायचाच. पण तोवर आपली पोरे जगली पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ माणसे हवीत. बुद्धाने संघ काढला तो याचसाठी. कोणी फार खचला असेल तर त्याला श्वास मोजायला सांगून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तो क्रमांक विहाराच्या फलकावर लिहा. मनाच्या आजाराला औषध घेणे यात कसलाही कमीपणा नाही.

गुलामाला गुलामीची जाणीव झाली की तो बंड करतो, ही बाबासाहेबांची शिकवण आपल्याला तोंडपाठ आहे. जाणीव हा तिचा पहिला शब्द आहे. बाहेरच्या मालकाची जाणीव आपल्याला त्यांनी करून दिली. आत दडलेल्या मालकाला, त्या लाजेला, त्या भीतीला आणि त्या आंधळ्या रागाला ओळखण्याचे काम त्यांनी सम्यक स्मृतीच्या रूपाने आपल्याकडे सोपवले. अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. त्या मार्गातली सातवी पायरी गाळून कसे चालेल?

लढाई थांबवायची नाही. फक्त आपला 'आज' कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. गेल्या जन्माच्या नाही, पुढच्या निकालाच्या नाही, आणि सकाळी सकाळी पोस्ट टाकून आपल्याला नाचवणाऱ्याच्या तर मुळीच नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!